मूठभर जुनं घरटं

बाय, काल मला एका मादीने चावा घेतला. चार दिवसांची बाळंतीण, माझ्या अंगठ्याएवढी. हातमोज्यातून दात आरपार गेले आणि रबराच्या आत रक्त पसरलं. चूक माझीच होती. इतकी वर्षं मी उंदरांचे पिंजरे बदलतेय आणि काल मूठभर जुनं घरटं ठेवायला विसरले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरा झाला. ती शानी हाय."

तुला हे मी किती वेळा सांगितलं होतं. पिंजऱ्यातला भुसा आठवड्याला बदलायचा, नाहीतर वास मारतो. पण व्यालेल्या मादीचा पिंजरा असेल तर सगळंच्या सगळं नवं करायचं नाही. कागदाच्या पट्ट्या कुरतडून तिने जे घरटं केलेलं असतं, त्यातलं मूठभर उचलून नव्या पिंजऱ्यात टाकायचं. मळलेलं असलं तरी टाकायचं. आपला वास सापडला नाही की ती बिथरते, पिल्लं तोंडात धरून इकडून तिकडे पळत राहते, कधी कधी स्वतःचीच पिल्लं खाऊन टाकते. हे पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू कपाळाला हात लावला होतास. "आम्ही उंदरां भाजून खायची, आन तू मुंबैला जाऊन त्यांची बाळंतपनां करतेस. यासाटी शिकवली काय तुला?"

यासाठीच शिकवलंस बहुतेक. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक जन्म कुठला, शिक्षण काय, असं लिहितात. माझ्या थोरल्या बहिणीचं, तुझं, तसं लिहायला बसले तर दोन ओळींत संपेल. आधार कार्डावर तुझी जन्मतारीख एक जानेवारी आहे. आपल्या पाड्यावर निम्म्या माणसांची तीच आहे. शाळेच्या दाखल्याचा प्रश्नच नाही. लग्न करून तू मोखाड्याच्या बाजूला गेलीस आणि मूल झालं नाही म्हणून पाच वर्षांनी परत आलीस. आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. कोनाड्यात पेटी ठेवलीस आणि चुलीपाशी जाऊन बसलीस. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. सुट्टीत घरी आले तर तू घरात, आणि मला एवढा आनंद झाला की तुझं काही तुटलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याची आता लाज वाटते.

बांधावरची ती उंदरी तुला आठवत असेल. तुझं लग्न व्हायच्या आधीचं वर्ष. जामसरच्या खालच्या अंगाला आपली खाचरं, भात कापून झालेलं, आणि आपण बिळं उकरायला गेलो होतो. तू कुदळ मारायचीस आणि मी बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी टोपली धरून बसायची. एरवी उंदीर माझ्या बाजूने बाहेर पडायचे. त्या दिवशी एक मादी पळायचं सोडून तुझ्या अंगावर आली आणि अंगठ्याला लटकली. तू हात झटकलास, ती लांब पडली, पण गेली नाही. परत बिळाच्या तोंडाशी येऊन तुझ्यासमोर दात विचकून उभी राहिली. तू वाकून आत पाहिलंस. आत डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं होती. तू अंगठा तोंडात धरलास, पायाने माती परत लोटलीस आणि म्हणालीस, "चल. लेकुरवाली हाय ती." रिकाम्या टोपलीने घरी आलो. आपला धाकटा भाऊ रमेश तेव्हा पाच वर्षांचा होता. भाजलेला उंदीर मिळाला नाही म्हणून त्याने भोकाड पसरलं होतं.

पुढे जव्हारच्या कॉलेजात, मग मुंबईच्या या प्रयोगशाळेत, मला त्या उंदरीच्या रागाची शास्त्रातली नावं कळली. एरवी मादी परका नर दिसला की कोपऱ्यात सरकते. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तीच मादी आपल्याहून मोठ्या नरावर तुटून पडते. गाभण असताना अंगातली द्रव्यं बदलतात, पिल्लं आचळ ओढायला लागली की आणखी बदलतात. ऑक्सिटोसिन, प्रोलॅक्टिन. पिल्लं काढून घेतली की थोड्याच वेळात तिचा राग उतरतो. मी तुला हे सगळं चुलीपुढे बसून समजावून सांगितलं होतं. तू भाकरी थापता थापता विचारलंस, "म्हंजे राग दुधात असतो?" मी म्हटलं, असंच समज. आणि नराचं, तू विचारलंस. नराचं उलटं असतं, मी म्हटलं. एकटा वाढलेला नर परकी पिल्लं दिसली की मारून टाकतो. पण मादीशी जमलं, तिचे दिवस भरत आले, की तोच नर पिल्लांना ऊब देत बसतो.

"रमेशला सांग ह्या," तू म्हणालीस, आणि आपण दोघी हसलो. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि तो बाहेर अंगणात बिडी ओढत होता.

मग बुधी आली. रमेशची पहिली बायको कावीळ होऊन गेली तेव्हा बुधी सात महिन्यांची होती. बुधवारी जन्मलेली म्हणून बुधी. रमेशने तिला तुझ्या मांडीवर ठेवलं आणि तो भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघून गेला. त्याला तरी काय बोलणार? आपल्याकडे भात झालं की हातांना काम नसतं. तू तेव्हा चाळिशी ओलांडलेली. मला फोन करून म्हणालीस, "मंजे, ह्या पोरीला कसली पावडर पाजतात ती आन." मी डबा घेऊन आले तेव्हा बुधी तुझ्या पोटावर पालथी झोपली होती आणि तू हलायला तयार नव्हतीस. चहासुद्धा मलाच करायला लावलास.

बुधी तीन वर्षांची झाली तेव्हा रमेश दुसरी बायको घेऊन आला, कमल. म्हणाला, आता घर झालं, पोरीला नेतो. तो बाप होता, काही चुकीचं बोलत नव्हता. मी त्या दिवशी घरीच होते. त्याने बुधीला उचललं, बुधी रडली, आणि तू, माझी थंड डोक्याची बाय, जी नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हाही आवाज चढवून बोलली नव्हती, ती तू रमेशच्या दंडाला कडकडून चावलीस. सोडेचना. कमलने आणि मी ओढून काढलं तुला. रमेशने बुधीला खाली ठेवून दंड धरला. आपल्याच बहिणीने आपल्याला चावावं याला काय म्हणावं ते त्याला कळेना. "पागल झाली काय तू?" एवढंच म्हणाला, आणि बायकोला घेऊन संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. पोरगी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याशी भांडले. मला रमेशची दया आली होती आणि तुझी लाज वाटत होती, खरं सांगते. शिकलेल्या माणसाला लाज फार पटकन वाटते. मी म्हटलं, "बाय, तू तिला पोटात वागवलं नाहीस. पाजलं नाहीस. एवढं चवताळायला अंगात जे लागतं ते तुझ्यात नाहीच. उंदरांतसुद्धा असं होत नाही. हा नुसता तुझा हट्ट आहे."

तू तवा घासत होतीस. हात थांबले. "तुला वाढवली ती पन हट्टानंच काय?"

तू राखेची मूठ परत तव्यावर टाकलीस. "मना काय त्यातला कलत नाय. तू असा कर. तुज्या उंदरांला जाऊन इचार."

त्यानंतर दोन वर्षं तू हे सोडलं नाहीस. फोनवर भाताचं, गाईचं, बुधीच्या अंगणवाडीचं बोलून झालं की शेवटी हमखास विचारायचीस, "इचारलास काय गो उंदरांला?" मी म्हणायचे, नाही. तू म्हणायचीस, "इचार, इचार. घाबरू नको."

गेल्या मे महिन्यात मी चार दिवस आले होते. शिरपामाळला फिरायला आलेल्या लोकांना विकायला तू पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायचीस आणि मी तुझ्याशेजारी. बुधी समोर दगडावरून उड्या मारत होती. एका बाईंनी विचारलं, नात का? तू म्हणालीस, "माजी हाय." नात नाही, मुलगी नाही, काहीच जोडलं नाहीस. त्या गेल्या आणि तू माझ्याकडे न बघता बोलायला लागलीस.

"आय मेली तवा तू चार वर्षांची. रमेश अंगावरचा. त्याला काकूनं पाजला, तू माज्या गल्यात. मी चौदाची असेन. मना तू नको व्हतीस, मंजे. रातदिस किरकिर. मी कानात बोटां घालून बसायची. एकदा तं तुला वहालाच्या काठाला सोडून मी करवंदांला गेलू व्हती. वाटला, कोन नेईल तं नेईल."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग?"

"मग काय. परत आलू तं तू तितंच बसलेली."

"आणि मग?"

"मग काय नाय. जवल ऱ्हायलीस." तू एक द्रोण पुढे सरकवलास, गिऱ्हाईक आलं होतं. "वावरच्या बाजूची पोरां त्या साली भुकेनं मरत व्हती. एकेका घरातली दोन-दोन. मी तुला नागलीची पेज पाजायची. पाच पावलां चालली तं बघायची पडली काय. तवापासून झाला काय तो."

मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवायला हवं होतं तेव्हा. मी सुटे पैसे मोजून त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिले.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते. पावसाळ्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी मला एक काम दिलं. कधीच न व्यालेली, नराजवळ न गेलेली मादी बाळंतिणीच्या पिंजऱ्यात ठेवायची आणि वहीत लिहीत राहायचं. पहिल्या दिवशी तिने पिल्लू हुंगलं आणि लांब जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी एकावर पाय देऊन गेली. पिल्लं रडतात तो आवाज आपल्या कानांना येत नाही, इतका बारीक असतो. त्यासाठी मशीन लावावं लागतं, पडद्यावर नुसत्या रेघा उठतात. चौथ्या दिवशी एक पिल्लू घरट्याबाहेर लोळत आलं. पडद्यावर रेघा उठल्या. त्यांची आई खात होती, तिचं लक्ष नव्हतं. आणि ही कोरी मादी आली, पिल्लू अलगद दातांत धरलं आणि घरट्यात नेऊन ठेवलं. मग अंग आखडून त्याच्यावर बसली. पान्हा नाही, काही नाही. नुसती बसून राहिली.

मी सरांना बोलावलं. त्यांना यात काही नवल नव्हतं. म्हणाले, "गर्भारपण हा त्यातला सोपा रस्ता. पण रस्ता तो एकच नाही. पिल्लांच्या सहवासानेही मेंदू बदलतो. बाळंतिणीच्या डोक्यात जे सुटतं तेच हिच्याही डोक्यात सुटतं. काहींना एक दिवस लागतो, काहींना जास्त. फक्त जवळ असावं लागतं."

बाय, तुझे शब्द. शिरपामाळला करवंदं विकताना तू जे म्हणालीस तेच ते.

मी फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आले. तुझा लागला नाही. पुन्हा लावला असता तर लागला असता. मी स्वतःला सांगितलं की हे समोरासमोर सांगायचं, दिवाळीत. खरं असं की "तू बरोबर होतीस" हे म्हणायला मला जड जात होतं. पुढच्या आठवड्यात तू विचारलंस, "इचारलास काय?" आणि मी म्हटलं, विचारते गं, घाई काय आहे. श्रावण गेला, भादवा गेला. दिवाळीत मला सुट्टी मिळाली नाही. म्हटलं, भात झालं की येते.

शेवटचा फोन तू केलास तेव्हा मी डबा खात होते. तू म्हणालीस, कापणी निम्मी झाली, पण छातीत भरून येतं, मधेच बसावं लागतं. मी म्हटलं, जव्हारला जाऊन दाखवून ये. तू म्हणालीस, जाईन. मग म्हणालीस, "मंजे, माजा काय झाला तं बुधीला भट्टीवर नको धाडू. साळा सुटेल तिची."

मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. "काहीतरीच काय बोलतेस. बघू."

बघू. एवढंच. हो म्हणायला काय लागणार होतं? एक अक्षर. दोन दिवसांनी तू विळा हातात घेऊन बांधावर बसलीस ती उठली नाहीस.

मी पोहोचले तेव्हा माणसं जमली होती आणि बुधी बाजेखाली होती, तुझी गोधडी गुंडाळून. मी वाकून तिला ओढायला गेले तर माझ्या मनगटाला चावली. मला रडता येत नव्हतं, बाय. रडता येत नाही तेव्हा माणूस काम करतं. तुझी दोन लुगडी रीतीप्रमाणे तुझ्याबरोबर गेली. उरलेल्याला मी तिसऱ्या दिवशी हात घातला. उशी, चादर, तुझी चोळी, टॉवेल, आणि बुधी डोळा लागून पडली तेव्हा तिच्या अंगाखालची गोधडीसुद्धा. वहाळावर नेऊन पावडर लावून दगडावर आपटली. घर सारवलं. मिसरीची डबीही घासून ठेवली. दुपारी उन्हात सगळं वाळत होतं आणि मला जरा बरं वाटत होतं.

बुधीने वाळलेली गोधडी घेतली, नाकाशी धरली. खाली टाकली. बाज हुंगली, भिंत हुंगली, दारामागे गेली, तिथलाही कोपरा हुंगला. आणि मग जी ओरडली ती सगळ्या पाड्याने ऐकली.

काशीकाकू धावत आली, जिने रमेशला पाजलं होतं ती. आता तिला नीट दिसत नाही, पण तिने दारातच नाक वर केलं. "सगला धुतलास काय गो? काय म्हंजे कायच नाय ठेवलास?"

माझे हात पावडरने पांढरे पडलेले. उंदरांसाठी हे मी एकदाही विसरले नव्हते. आपल्या घरात विसरले.

चुंबळ बुधीनेच शोधली. पाण्याच्या हंड्यांमागे पडली होती, तू डोक्यावर हंडा घेताना ठेवायचीस ती, जुन्या लुगड्याची पिळून केलेली. तुझ्या केसांचं तेल आणि घाम मुरून काळी झालेली, घरट्यासारखी गोल. माझ्या नजरेतून सुटली म्हणून वाचली. बुधीने ती छातीशी धरली आणि त्या दिवशी पहिल्यांदा भात खाल्ला. नंतर ती चुंबळ हातात घेऊनच फिरायची. माझ्याशी बोलत नव्हती. पण अकराव्या दिवशी मी उंबऱ्यात बसले होते तर आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. तोंड दुसरीकडे. मी श्वासही जपून घेत होते. माझा अकरावा दिवस होता, बाय. उंदरांपेक्षा मला जास्त लागले.

तुझं कार्य झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशची गाडी येणार होती, भट्टीवर परत जायची. तो काही ओढायला आला नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं. तो समोर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मंजे, तू ठेवतेस काय हिला? ठेवत असशील तं आता बोल. माजा काय नाय. तितं साळा नाय, मना म्हाईत हाय."

मी हॉस्टेलमध्ये राहते. एका खोलीत तिघी. तिथे पोरं चालत नाहीत. सकाळी सातला प्रयोगशाळेत जाते, उंदरांना सुट्टी नसते. हे सगळं खरं आहे. मी ते सगळं त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला. "मग?" म्हणाला. मी जमिनीकडे बघत होते, मीच सारवलेली.

कमल चांगली मुलगी आहे, तुला ते मान्य नव्हतं पण आहे. तिच्या कडेवर चार महिन्यांचं मूल आहे. ती मला म्हणाली, "ताय, मी तिला मारायची नाय. इतकं टेन्शन नका घेऊ." आणि मी मनातल्या मनात, ऐक हे, मनातल्या मनात म्हटलं की पाजती मादी परकी पिल्लंही घेते, आम्ही तर नेहमी तसं करतो, फक्त पिल्लांना तिच्या भुशाचा वास लावावा लागतो. बुधी पाच वर्षांची आहे. ती पिल्लू नाही. मला ते माहीत होतं. पण माणसाला हवं तेव्हा हवं ते शास्त्र सापडतं.

गाडीत बसवताना बुधीने एका हातात चुंबळ धरली होती आणि दुसऱ्या हातात माझ्या ओढणीचं टोक. तेरा दिवसांत तिने मला आपणहून धरलं ते पहिल्यांदा. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. कुणी मला सांगितलं नव्हतं. रमेशने नाही, कमलने नाही. मीच सोडवली. त्या वेळी ती चावली नाही, हे मला सहन होत नाही. चावायला हवं होतं तिने. तिने किंवा मी.

काल सकाळी रमेशचा फोन आला. भट्टीवर रेंज नसते, कुठेतरी लांब चालत येऊन त्याने केला होता. "पोरगी खात नाय. जवल गेला का चावते. कमलच्या पोराला बी चावली. काय करू, मंजे?" आवाज तसाच, भाजलेल्या उंदरासाठी रडत बसला होता तेव्हाचा.

मी विचारलं, "चुंबळ आहे ना तिच्याजवळ?"

"हाय की. कमलनं धुऊन दिली तिला. लई मेचकट, तेलकट झाली व्हती."

मी कमलला काय बोलू? तिने माया म्हणून धुतली. मीही माया म्हणूनच धुतलं होतं. मी म्हटलं, तिच्या कानाला फोन लाव. त्याने लावला असावा. मी म्हटलं, बुधी. बुधी, मी मंजू. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोन कट झाला, आणि मी पिंजरे बदलायला गेले, आणि बाकीचं तुला माहीत आहे.

बाय, मी उंदरांला विचारलं. तू बरोबर होतीस. पोटात वागवावं लागत नाही. तुझ्यात होतं ते खरं होतं, दुधाशिवायचं, बाळंतपणाशिवायचं, आणि मी जे म्हणाले ते खोटं होतं. ते शास्त्रातही खोटं होतं. हे सांगायला मी चार महिने लावले आणि आता ते ऐकायला कोणी नाही. रागाने म्हणायचीस तसं "कलला, कलला" म्हण ना एकदा.

रविवारी मी भट्टीवर जाणार आहे. बरोबर काय नेऊ ते समजत नाही. तुझ्या वासाचं कुठे काही उरलेलं नाही, मी आणि कमलने मिळून सगळं स्वच्छ केलं. आमच्या प्रयोगशाळेत असं झालं तर उपाय एकच असतो. जवळ एक मादी ठेवायची आणि थांबायचं. हॉस्टेलच्या बाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. खोली बघतेय, एकट्या बाईला आणि वर पोर म्हटलं की लोक दार लावतात. सरांकडे सुट्टी मागितली आहे, अजून काही बोलले नाहीत. रमेश म्हणाला की आता कशाला आलीस, तर मला उत्तर देता येणार नाही. बुधी माझ्याकडे बघेल की नाही तेही ठाऊक नाही. वेळ आली तर कुणाच्या दंडात रुतवावेत असे दात माझ्यात नाहीत, बाय. पण शिरपामाळला तूच सांगितलंस ना, आधी ते तुझ्यातही नव्हते.